दादर-माटुंग्यात सुट्टीचा मुक्काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुट्टीत मुंबईला येऊन दादर, शिवाजी पार्क किंवा माटुंगा येथे चार-आठ दिवस राहू इच्छिणारे वाचक जे प्रश्न सतत पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे ठेवले आहे. एकाच विषयाची माहिती दोन ठिकाणी लागत असेल, तर ती एकदाच देऊन दुसऱ्या ठिकाणी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दादर म्हटले की गर्दीने फुललेले स्टेशनच डोळ्यांसमोर येते. झाडांचा आणि शांत असा भाग नेमका कोणता?

स्टेशनच्या आसपासची बाजारपेठ आणि दादरची निवासी वस्ती यांत पंधरा-वीस मिनिटांच्या चालण्याचे अंतर आहे, आणि तेवढ्यात वातावरण पूर्ण बदलते. पश्चिमेला रानडे रस्त्याने समुद्राच्या दिशेने गेले की शिवाजी पार्क लागते. मैदानाच्या चारही बाजूंना मोठी झाडे आहेत आणि त्यांच्या मागे, पुनर्विकासातून अजून वाचलेल्या, गोलाकार सज्जांच्या तीन-चार मजली जुन्या इमारती आहेत. पूर्वेला दादर टी.टी. या मोठ्या चौकाच्या उत्तरेस हिंदू कॉलनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर रस्त्यापलीकडे पारशी कॉलनी, तिला लागून फाइव्ह गार्डन्स आणि पुढे माटुंगा असा सलग हिरवा पट्टा आहे.

ही हिरवाई आपोआप उगवलेली नाही. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईच्या दाट वस्तीला मोकळी हवा मिळावी म्हणून १८९८ मध्ये इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याची आखणी केली. रुंद रस्ते, इमारतींमध्ये सोडलेली जागा आणि बागा हे सर्व त्या आराखड्यातून आले. पारशी कॉलनीच्या बाबतीत मंचेरजी जोशी या अभियंत्याचा पुढाकार निर्णायक ठरला. फाइव्ह गार्डन्सना आज त्यांचेच नाव आहे.

२. गेटवे, मरीन ड्राइव्ह, संग्रहालये तर दक्षिण मुंबईत आहेत. मग सुट्टी दादरला कशासाठी घालवायची?

मुंबईची प्रेक्षणीय स्थळे दोन दिवसांत उरकायची असतील, तर दक्षिण मुंबईतच उतरावे. दादर-माटुंग्यात पाहण्यापेक्षा राहण्याला महत्त्व आहे. सकाळी मैदानाला फेरी, नंतर उडपी उपाहारगृहात नाश्ता, दुपारी ग्रंथालय किंवा पुस्तकांचे दुकान, संध्याकाळी कट्टा आणि रात्री नाटक असा दिवस येथे एकही वाहन न घेता घालवता येतो. मराठी माणसाला आपल्या भाषेतले महानगरी जीवन इतक्या थोड्या जागेत इतके भरभरून दुसरीकडे क्वचितच मिळेल, असे माझे प्रामाणिक मत आहे. मात्र त्यासाठी किमान तीन रात्री हाताशी हव्यात आणि रोज सकाळी कुठेतरी धावण्याचा बेत नसावा. दक्षिण मुंबई पाहायचीच असेल, तर तिच्यासाठी एक पूर्ण दिवस वेगळा ठेवावा आणि बाकीचे दिवस परिसरातच काढावेत.

३. पश्चिमेला राहावे की पूर्वेला?

समुद्र, मैदान, नाट्यगृहे आणि मराठी खाणे हवे असेल तर पश्चिमेला राहावे. सावलीचे रस्ते, बागा, दाक्षिणात्य खाणे आणि तुलनेने अधिक शांतता हवी असेल तर पूर्वेला. लहान मुले सोबत असतील तर मी पश्चिम सुचवेन, कारण मैदान आणि चौपाटी दोन्ही पायी गाठता येतात. लिहिण्या-वाचण्याच्या निमित्ताने एकटे येणाऱ्यांनी हिंदू कॉलनी किंवा फाइव्ह गार्डन्सचा परिसर निवडावा. दोन्ही बाजूंना जोडणारा टिळक पूल पायी ओलांडता येतो, परंतु वाहनांचा आवाज आणि गर्दी यांमुळे ते चालणे सुखाचे नसते. जेथे जास्त वेळ जाणार आहे त्याच बाजूला खोली घ्यावी.

४. या भागात हॉटेले मिळतात का? घरगुती मुक्कामाची सोय कशी असते?

हा मुळात राहत्या घरांचा परिसर असल्यामुळे हॉटेले कमी आहेत. जी आहेत ती प्रामुख्याने स्टेशन आणि दादर टी.टी. यांच्या आसपास आहेत आणि तेथे रहदारीचा आवाज असतो. खोली घेताना ती रस्त्याच्या बाजूची आहे की मागच्या, हे आधी विचारावे. आतील रस्त्यांवर काही अतिथीगृहे आणि भाड्याने मिळणारी सुसज्ज घरे आहेत. हवे तसे झाडाखालचे घर बहुधा तेथेच मिळते.

घरगुती मुक्काम घेताना तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. गृहनिर्माण संस्थेची पाहुणे ठेवण्यास परवानगी आहे का, उद्वाहन (लिफ्ट) आहे का आणि गाडी लावण्यास जागा मिळेल का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर टाळले गेले, तर ते घर घेऊ नये. दारात रखवालदाराशी वाद घालत सुट्टी सुरू होणे कोणालाच नको असते. जुन्या इमारतींत उद्वाहन नसणे नेहमीचे आहे, आणि तिसरा मजला गुडघेदुखी असलेल्यांना फार उंच वाटतो. काही घरांत मांसाहार चालत नाही; तेही आधीच स्पष्ट करून घेणे दोन्ही बाजूंच्या सोयीचे असते. परदेशी पारपत्र असलेल्यांनी प्रश्न १५ पाहावा.

५. विमानतळावरून किंवा बाहेरगावच्या गाडीने आल्यावर मुक्कामी कसे पोहोचायचे?

विमानतळावरून सर्वांत सोपा मार्ग म्हणजे भुयारी मेट्रोची ॲक्वा मार्गिका. दोन्ही टर्मिनलना तिची स्थानके आहेत आणि गाडी न बदलता दादर गाठता येते. मेट्रोचे दादर स्थानक पश्चिमेला आहे, त्यामुळे शिवाजी पार्कला उतरणाऱ्यांना ती अधिक सोयीची आहे. सामान जास्त असेल तर टॅक्सी करावी.

बाहेरगावच्या अनेक गाड्या दादरला थांबतात आणि काही तेथूनच सुटतात. पुण्याहून येणाऱ्या शिवनेरी बसगाड्या दादर पूर्वेला येतात. स्टेशनवर पूर्वी पश्चिम आणि मध्य रेल्वेचे फलाट स्वतंत्र क्रमांकांचे होते. डिसेंबर २०२३ पासून ते सलग मोजले जातात: १ ते ७ पश्चिम रेल्वेचे आणि ८ ते १४ मध्य रेल्वेचे. जुन्या सवयीने "एक नंबरवर भेटू" असे मध्य रेल्वेने येणाऱ्या पाहुण्याला सांगितले, तर चुकामूक ठरलेली.

६. दादरला रिक्षा का मिळत नाही?

ऑटोरिक्षांना मुंबई शहराच्या हद्दीत परवानगी नाही. पश्चिमेला माहीमच्या आणि पूर्वेला शीवच्या अलीकडे त्या येत नाहीत. उपनगरातून रिक्षाने निघालेल्यांना तेथे उतरून पुढे टॅक्सी किंवा बेस्टची बस घ्यावी लागते. परिसरातल्या परिसरात काळी-पिवळी टॅक्सी मीटरप्रमाणे जाते. अंतर फारच कमी असेल तर काही चालक नकार देतात, म्हणून जवळ जायचे असल्यास बस किंवा पायी हेच बरे.

७. माटुंगा आणि माटुंगा रोड ही एकच स्थानके आहेत का?

नाहीत, आणि हा घोटाळा पाहुण्यांचा फार वेळ घेतो. माटुंगा हे मध्य रेल्वेचे स्थानक आहे. उडपी उपाहारगृहे, फुलांची दुकाने आणि फाइव्ह गार्डन्स यांसाठी तेथे उतरून पूर्वेला बाहेर पडावे. माटुंगा रोड हे पश्चिम रेल्वेचे स्थानक आहे. यशवंत नाट्य मंदिर आणि कर्नाटक संघ यांच्यासाठी ते जवळचे. षण्मुखानंद सभागृहासाठी हार्बर मार्गावरचे किंग्ज सर्कल सोयीचे पडते. माटुंगा आणि माटुंगा रोड या दोन्ही ठिकाणी जलद गाड्या थांबत नाहीत. धीम्या गाडीनेच जावे.

८. शिवाजी पार्कच्या मैदानात बाहेरच्या माणसाने काय करावे आणि काय करू नये?

मैदान सर्वांसाठी खुले आहे. १९२५ मध्ये ते माहीम पार्क या नावाने खुले झाले आणि १९२७ मध्ये, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने, त्याला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले. येथे सकाळी लवकर आणि संध्याकाळी उन्हे उतरल्यावर यावे. भोवतालचा कट्टा साधारण सव्वा किलोमीटरचा आहे. फेरी मारणारे, बसून गप्पा मारणारे, पेपर वाचणारे आणि नुसतेच शांत बसणारे असे सगळे त्यावर सामावतात. क्रिकेटचे सामने आणि सराव सुरू असताना खेळपट्ट्यांवरून आडवे चालू नये. रमाकांत आचरेकर सरांनी याच मैदानावर सचिन तेंडुलकरसह अनेक खेळाडू घडवले. आजही पांढऱ्या पोशाखातली लहान मुले आपल्याहून मोठ्या किटबॅगा ओढत येथे येतात, आणि त्यांचा सराव त्यांच्यासाठी गंभीर असतो.

पाहुण्यांनी चुकवू नये अशी एक गोष्ट म्हणजे समर्थ व्यायाम मंदिरातला मल्लखांब. वर निमुळत्या होत गेलेल्या लाकडी खांबाला एरंडेल तेल लावलेले असते. मुलगा धावत येतो, खांबाला मिठी घालतो, आणि पुढच्या क्षणी त्याचे पाय वर आणि डोके खाली असते. शेजारी दोरीच्या मल्लखांबावर मुली अंगठ्याच्या बेचक्यात दोर पकडून वर सरकतात आणि वर गेल्यावर हात सोडून आसन घेतात. हे सारे दूर उभे राहून पाहावे. मुलांना हाक मारून छायाचित्रासाठी थांबवू नये. तेथील ज्येष्ठ प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली.

थंडीत आणि उन्हाळ्यात मैदानातली लाल धूळ उडते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी मैदानात न जाता बाहेरच्या झाडांखालून चालावे.

९. झाडे पाहत निवांत चालायचे असेल तर कोणता रस्ता घ्यावा?

माटुंगा स्थानकाच्या पूर्वेला उतरून फाइव्ह गार्डन्सकडे, तेथून पारशी कॉलनीच्या आतल्या रस्त्यांनी दादर टी.टी.पर्यंत यावे. पाच बागा एका चौकाभोवती आहेत. त्यांच्यावर आणि भोवतालच्या रस्त्यांवर वर्षावृक्षांच्या फांद्या दोन्ही बाजूंनी येऊन मिळतात. या झाडाची पाने दिवेलागणीला मिटतात, त्यामुळे दुपारी जेथे गडद सावली असते तेथे संध्याकाळी अचानक आकाश दिसू लागते. एप्रिल-मे महिन्यांत गुलमोहर, सोनमोहर आणि आपले राज्यपुष्प ताम्हण फुललेले असते. उकाडा सहन होत असेल, तर झाडांसाठी हेच दिवस उत्तम.

पारशी कॉलनीत चालताना ही लोकांची घरे आहेत याचे भान असावे. फाटकाच्या आत जाऊन किंवा सज्जात बसलेल्या वृद्धांची छायाचित्रे घेऊ नयेत. अग्यारीत पारशी नसलेल्यांना प्रवेश नसतो.

हिंदू कॉलनीतून जाताना 'राजगृह' आवर्जून पाहावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या ग्रंथसंग्रहासाठी जागा ठेवून हे घर बांधले. तळमजल्यावर त्यांच्या वस्तूंचे संग्रहालय आहे. घराच्या रचनेत पुस्तकांचा विचार आधी केलेला आहे, ही गोष्ट या परिसराविषयी बरेच काही सांगते.

१०. नाटक पाहायचे आहे. कोणते नाट्यगृह, आणि तिकीट आधी काढावे लागते का?

दादर पश्चिमेला प्लाझा चित्रपटगृहासमोर श्री शिवाजी मंदिर, माटुंगा रोडजवळ अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेचे यशवंत नाट्य मंदिर आणि प्रभादेवीला पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीच्या संकुलात रवींद्र नाट्य मंदिर अशी तीन मोठी नाट्यगृहे एकमेकांपासून फार लांब नाहीत. शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी एकाहून अधिक प्रयोग होतात. आठवड्याच्या मधल्या दिवसांत मात्र एखादा दिवस रिकामा जाऊ शकतो. म्हणून नाटक हा सहलीचा मुख्य हेतू असेल, तर मुक्काम शुक्रवार ते सोमवार असा ठेवावा.

प्रयोगांची माहिती मराठी वर्तमानपत्रांच्या जाहिरातींत आणि तिकिटांच्या ॲपवर मिळते. गाजणाऱ्या नाटकाची पुढच्या रांगांतली तिकिटे लवकर संपतात, परंतु नाट्यगृहाच्या खिडकीवर जाऊन तिकीट काढण्याची पद्धत अजून टिकून आहे. खिडकीवरच्या माणसाला "खांबाआड नको, आवाज नीट येईल अशी जागा द्या" असे सांगता येते, म्हणून वडीलधाऱ्यांसाठी मी अजूनही खिडकीच सुचवतो.

प्रायोगिक रंगभूमीच्या अभ्यासकांना छबिलदास शाळेचे आकर्षण असते. सत्तरच्या दशकात या शाळेच्या सभागृहात जी चळवळ उभी राहिली, तिने मराठी नाटकाची वाट बदलली. शाळेची इमारत स्टेशनजवळच्या गल्लीत आहे, मात्र तेथे त्या काळासारखे नियमित प्रयोग आता होत नाहीत. शास्त्रीय संगीतासाठी दादर-माटुंगा कल्चरल सेंटर आणि षण्मुखानंद सभागृह यांचे कार्यक्रम पाहावेत.

११. खाण्यासाठी कोठे जावे? आणि सोमवारी सगळे बंद असते हे खरे का?

मराठी शाकाहारी पदार्थांसाठी शिवसेना भवनाच्या परिसरातील 'आस्वाद' आणि 'प्रकाश' ही नावे सर्वांना ठाऊक आहेत: मिसळ, थालीपीठ, साबुदाणा वडा आणि पियूष. छबिलदासच्या गल्लीतला बटाटावडा उभ्यानेच खायचा असतो. मासे हवे असतील तर पश्चिमेला मालवणी आणि गोमंतकीय पद्धतीच्या खाणावळी आहेत. दुपारी साडेबाराच्या आत गेल्यास थांबावे लागत नाही आणि ताजा मासा संपलेला नसतो.

माटुंगा पूर्वेला 'कॅफे मद्रास', 'रामाश्रय' आणि १९४२ पासूनचे 'रामा नायक उडपी' ही तीन ठिकाणे तीन वेगळ्या वेळांसाठी आहेत, असे समजावे. सकाळी लवकर रामाश्रयात इडली आणि फिल्टर कॉफी, नाश्त्याला कॅफे मद्रासमध्ये रसम-वडा, आणि दुपारी रामा नायकांकडे केळीच्या पानावर जेवण. रविवारी सकाळी नऊनंतर दारात लोक ताटकळत उभे असतात, म्हणून मधल्या दिवशी जावे.

सोमवारी सर्व काही बंद नसते, परंतु दादरच्या बाजारातील बरीचशी दुकाने आणि माटुंग्यातील काही उपाहारगृहे त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी घेतात. साड्यांची किंवा दागिन्यांची खरेदी सोमवारवर ठेवू नये. पश्चिमेचा फुलबाजार पहाटे चारच्या सुमारास भरात असतो. झेंडूचे ढीग पाहायचे असतील तर उजाडण्यापूर्वी जावे.

१२. वाचनाची आवड आहे. पाहुण्याला ग्रंथालयात बसता येते का?

१८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग दादर पूर्वेला नायगाव भागात आहे. जुनी मराठी ग्रंथसंपदा आणि नियतकालिके यांसाठी संशोधक तेथे येतात. ओळखपत्र बरोबर न्यावे, काय पाहायचे आहे ते नेमके सांगावे आणि वेळ आधी विचारून जावे. केवळ चाळण्यासाठी आणि विकत घेण्यासाठी स्टेशनजवळचे 'आयडियल' हे पुस्तकांचे दुकान पुरेसे आहे. तेथे मजकुराच्या दोन-चार ओळी सांगितल्या तरी विक्रेते पुस्तक ओळखतात, असा अनुभव अनेक वाचक कळवतात. वसंत ऋतूत येणाऱ्यांनी अमर हिंद मंडळाच्या व्याख्यानमालेची चौकशी करावी.

१३. पावसाळ्यात येणे शहाणपणाचे आहे का?

पाऊस आवडत असेल तर अवश्य यावे, कारण झाडे तेव्हाच खरी दिसतात. परंतु हा परिसर सखल आहे. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, की हिंदमाता, दादर टी.टी. आणि किंग्ज सर्कलजवळचा गांधी मार्केट परिसर येथे पाणी साचते. महापालिकेने हिंदमाता भागात पाणी साठवण्यासाठी भूमिगत टाक्या बांधल्यापासून पाणी लवकर ओसरते. तरी भरतीचे वेळापत्रक रोज पाहावे. साडेचार मीटरपेक्षा मोठी भरती असेल त्या तासांत पूर्वेकडून गाडी किंवा विमान गाठण्याचा बेत करू नये. वादळी वाऱ्यात मोठ्या झाडांखाली उभे राहू नये आणि गाडीही लावू नये. फांद्या कोसळण्याच्या घटना दर पावसाळ्यात घडतात.

१४. नेमक्या कोणत्या तारखा टाळाव्यात?

ऐतिहासिक सभांमुळे ओळखले जाणारे शिवाजी पार्कचे मैदान दसरा मेळाव्याच्या आणि मोठ्या सभांच्या दिवशी गजबजलेले असते. निवांतपणा हवा असेल तर ते दिवस टाळावेत. गणपती विसर्जनाच्या दिवशी चौपाटीकडे जाणारे रस्ते वाहनांना बंद होतात, म्हणून त्या दिवशी मुक्कामी येऊ किंवा निघू नये. दिवाळीत मैदानाभोवती दिव्यांची रोषणाई पाहण्यासाठी रात्री उशिरापर्यंत गर्दी असते. कट्ट्याजवळ खोली घेणाऱ्यांना तिचा त्रास होतो, तर दिवाळी पहाटेच्या मैफलींसाठी येणाऱ्यांना हाच काळ सर्वोत्तम वाटतो.

६ डिसेंबरला हा नियम लावू नये. महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीवर डॉ. आंबेडकरांना अभिवादन करण्यासाठी देशभरातून लक्षावधी लोक येतात आणि आदल्या काही दिवसांपासून शिवाजी पार्कमध्ये त्यांच्या निवाऱ्याचे मंडप उभे राहतात. 'गर्दी असते का' असे विचारणाऱ्यांना मी इतकेच सांगेन की त्या दिवसांत हा परिसर पर्यटकांचा नसतो. विश्रांतीसाठी येणार असाल तर ३ ते ७ डिसेंबर सोडून तारखा घ्याव्यात. अभिवादनासाठी येणार असाल तर मुक्काम फार आधी ठरवावा आणि मैदानाजवळच्या पुस्तकांच्या दुकानांसाठी एक पूर्ण दुपार राखून ठेवावी. परिवर्तनवादी साहित्याचा इतका मोठा आणि इतक्या उत्सुकतेने पुस्तके विकत घेणारा बाजार महाराष्ट्रात क्वचितच भरतो. शेतमजूर स्त्रिया प्रवासाच्या पैशांतून वाचवून पुस्तके घेताना तेथे दिसतात.

१५. आम्ही परदेशात स्थायिक आहोत. नातेवाइकांकडे किंवा भाड्याच्या घरात राहिलो तर काही नोंद करावी लागते का?

भारतीय पारपत्र असेल तर नेहमीचे ओळखपत्र पुरते. परदेशी नागरिकत्व असलेल्या पाहुण्याची माहिती ठरलेल्या फॉर्मद्वारे (पूर्वीचा 'सी फॉर्म') चोवीस तासांच्या आत ऑनलाइन कळवणे ही हॉटेलची किंवा घर देणाऱ्या यजमानाची जबाबदारी असते. घर ठरवतानाच "परदेशी पाहुण्यांचा फॉर्म भरता का" असे विचारावे, आणि यजमानाला त्याची कल्पनाच नसेल तर दुसरे घर पाहावे. सोसायटीच्या परवानगीविषयी प्रश्न ४ मध्ये लिहिले आहे.

१६. शिवाजी पार्क हे शांतता क्षेत्र आहे, असे वाचले होते. तरी ध्वनिवर्धक कसे चालतात?

मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये या मैदानाला शांतता क्षेत्र ठरवले. परंतु वर्षातील काही ठरावीक दिवसांना सवलत आहे, आणि प्रश्न १४ मधील बहुतेक मोठे कार्यक्रम त्याच दिवसांत होतात. इतर दिवशी येथे खरोखर शांतता असते. झोप सावध असणाऱ्यांनी सवलतीच्या दिवसांत मैदानापासून दूर, शीतलादेवी किंवा माटुंगा पूर्वेच्या बाजूला खोली घ्यावी.